भास्कर, ते कुंकू माझं होतं

भास्कर, आज नववा दिवस. हे लिहिलं आणि तुझा आवाज आलाच, "दिवस मोजायची तुम्हा लोकांची खोड काही जात नाही, सुध्या." नऊ दिवस झाले तरी तू माझ्याशी असा बोलतोयस आणि मी उत्तरं देतोय. काल दुकानाच्या रांगेत मोठ्याने दिलं. पुढच्या बाईने वळून पाहिलं आणि आपली ट्रॉली जरा पुढे घेतली.

डिपार्टमेंटने तुझ्याबद्दल अर्धं पान लिहून मागितलं होतं. जन्म कुठला, शिक्षण कुठे, पेपर किती. इंग्रजीत लिहून टाकलं. त्यात एकही गोष्ट खोटी नाही आणि त्यात तू कुठेच नाहीस. म्हणून हे दुसरं लिहितोय, मराठीत. यात आहे ते सगळं तुला माहीतच आहे, तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी सांगू दे. आयुष्यभर मला मध्ये तोडत आलास, आता एवढं तरी ऐकून घे.

ब्याऐंशी साली ऑगस्टमध्ये आपण एकाच आठवड्यात इथे अमेरिकेत येऊन पडलो. मी सांगलीचा, तू अमरावतीचा. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी तुझ्या हातून बीकर सुटला आणि तू "आयला" म्हणालास. मला इतका आनंद झाला की मी काचा तुडवत तुझ्याकडे आलो आणि म्हटलं, "अहो, तुम्ही मराठी?" तू काचा गोळा करत म्हणालास, "नाही, आमच्याकडे सगळेच असं म्हणतात." संध्याकाळपर्यंत आपण अरेतुरेवर आलो होतो आणि दुसऱ्या दिवसापासून एकाच खोलीत राहायला लागलो.

आपल्या प्रोफेसरला आपण म्हातारा म्हणायचो. बिचारा पंचावन्नचाही नव्हता. वाईट माणूस नव्हता रे तो, हे तूच मला सांगायचास. पण पहिलं वर्ष-सव्वा वर्ष त्याने तुला सुधीर म्हटलं आणि मला भास्कर. तू सहा फूट उंच, मी पाच फूट चार इंच आणि वर जाड भिंगांचा चष्मा. मी चिडायचो. तू म्हणायचास, "एवढा मोठा प्रकाशाचा अभ्यासक, त्याला आपल्यावर प्रकाश टाकूनही फरक दिसत नाही, म्हणजे दोष आपल्यातच असणार." आणि हसायचास. तुझं ते हसणं मला तेव्हा खरं वाटायचं.

मराठी मंडळात मीच तुला ओढून नेलं होतं. बटाटेवडे छान होते. तिथल्या एका काकांनी तुझं आडनाव विचारलं, तू सांगितलंस, काकांनी ते स्वतःशी एकदा घोळवलं आणि "अच्छा, अच्छा" म्हणून माझ्याकडे वळले. परत येताना गाडीत तू म्हणालास, "इथल्या लोकांना माझं आडनाव उच्चारता येत नाही आणि आपल्या लोकांना ते जरा जास्तच चांगलं समजतं. त्यापेक्षा लॅब बरी. प्रोटीनला काही फरक पडत नाही." मी म्हटलं, "अरे, ते काका असेच आहेत, मनावर घेऊ नकोस." मी किती सहज बोललो होतो, ते आता आठवतंय.

लॅब तुला खरंच बरी वाटायची. तू मशीनसमोर बसलास की तुझे खांदे सैल व्हायचे. मशीन म्हणजे ते आपलं प्रकाशाचं धूड. काचेच्या छोट्या चौकोनी नळीत प्रोटीनचं पाणी ठेवायचं, मशीन त्यावर एका रंगाचा उजेड टाकणार, प्रोटीन दुसऱ्या रंगाचा उजेड परत देणार, आणि शेजारी पेन कागदावर एक टेकडी काढणार. तू त्या टेकड्या माणसांसारख्या ओळखायचास. "ही आज जरा कण्हतेय," असं म्हणायचास, आणि खरंच सँपल शिळं निघायचं. लोरेन तुला एकदा म्हणाली होती ना, "इथे या बिल्डिंगमध्ये तुला कधी कुणी विचारतं का, तू इथे काय करतोस?" ती आपल्या मजल्यावरची एकटी काळी मुलगी. अॅप्रन घालून उभी असली तरी तिला लोक भांडी कुठे धुतात ते विचारायचे. तू म्हणालास, "मशीनपाशी असलो की नाही विचारत." ती म्हणाली, "मग मशीन सोडू नकोस."

आणि मी ते तुझ्याकडून सोडवलं.

आपलं दुसरं वर्ष. ऑक्टोबर. खंडेनवमी होती. तुला माहीत आहे, माझे बाबा सांगलीत एका कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला ते लेथ धुऊनपुसून चकचकीत करायचे, हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढा. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, त्याला सुट्टी. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ती माळ घालायचो. त्या वर्षी मी क्वालिफायर परीक्षेत एकदा आपटलो होतो. दुसऱ्यांदा नापास झालो तर असिस्टंटशिप जाणार, व्हिसा जाणार, मी सांगलीला परत. माझी पाचावर धारण बसलेली होती. आदल्या दिवशी तुला म्हटलं होतं, "आपल्या मशीनची पूजा करावी म्हणतो." तू कागदातून मान वर न काढता म्हणालास, "मशीनला पूजा नको, तेल घाल." मी म्हटलं, "श्रद्धा असते रे एखाद्याची." तू म्हणालास, "असू दे की. घरी असू दे."

सकाळचा आठचा वेळ तू बुक केला होतास, पण तुला ज्युनियर मुलांना शिकवायला जायचं होतं, म्हणून तो मला दिलास. बुकिंगच्या वहीत नाव तुझंच राहिलं. आपण नेहमीच असं करायचो, नाव कुणाचंही, वेळ दोघांचा. मी शेजारच्या मोठ्या बाटलीतलं अल्कोहोल कापसावर घेऊन मशीन पुसलं. त्याच बाटलीतल्या अल्कोहोलने सगळी लॅब आपल्या काचेच्या नळ्या विसळायची. बाटली मी उघडीच ठेवली. आईने पाठवलेल्या पुड्या सोडल्या, हळद लावली, कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या. डोळे मिटून म्हटलं, एवढा क्वालिफायर काढून दे. मग सगळं पुसून टाकलं आणि बाटलीला बूच लावलं. हळद बाटलीत उडाली होती, ते माझ्या गावीही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आठवतात ना? सगळ्यांच्या कागदांवर मोठ्या टेकडीशेजारी एक लहान टेकडी यायला लागली. म्हातारा हरखून गेला. प्रोटीनचं काहीतरी नवंच रूप सापडलं म्हणून फळ्यावर आकृत्या काढायला लागला. लॅबमधली सगळी मुलं त्या टेकडीच्या मागे. एकटा तू म्हणत होतास, "ही प्रोटीनची नाही. ही बाहेरून आलीय." दिवा बदललास, प्रोटीन बदललंस, पाणी बदललंस. शेवटी विसळायची बाटली बदललीस आणि टेकडी गेली. मग ते जुनं अल्कोहोल एका पांढऱ्या बशीत ओतून उडू दिलंस. बशीच्या काठावर बारीक पिवळी रेघ राहिली. तू तिचा वास घेतलास. दुसऱ्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरातली हळद अल्कोहोलमध्ये विरघळवून, प्रोटीनमध्ये टाकून लावलीस. तीच टेकडी, त्याच जागी, त्याच उतारासकट. वहीत सहा पानं लिहिलीस. मी त्यानंतर बरेच पेपर वाचले भास्कर, मोठमोठ्या लोकांचे. त्या सहा पानांइतकं स्वच्छ मी काही वाचलेलं नाही.

कागद घेऊन तू आधी माझ्याकडेच आलास. "सुध्या, हळद आहे ही हळद! आपली भाजीतली!" असा हसत होतास की तुला बोलता येईना. मग माझा चेहरा पाहिलास. "खंडेनवमी?" म्हणालास. मी मान हलवली. तू कपाळावर हात मारलास. "तेल घाल म्हटलं होतं ना मी?" आणि परत हसलास. रागावला नव्हतास तू तेव्हा, अजिबात नाही. शोध लागल्याच्या आनंदात होतास. "चल, म्हाताऱ्याला दाखवू. तो तोंडघशी पडायच्या आत वाचला म्हणून पार्टी देईल."

म्हाताऱ्याने तुझे कागद पाहिले. सहाही पानं उलटली. आपण दोघं टेबलासमोर उभे. मला वाटलं आता तो उठून तुझा हात हातात घेईल. त्याने विचारलं, "हळद माझ्या मशीनपाशी आली कशी?" तू म्हणालास, "इंडियात एका सणाला मशीनची पूजा करतात." एवढंच. कोणी केली ते तू बोलला नाहीस, ते मी बोलायचं होतं. म्हणून तू थांबलास. किती वेळ थांबलास! म्हाताऱ्याने बुकिंगची वही ओढली, त्या दिवसाचं पान काढलं, तुझं नाव पाहिलं आणि तुझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "भास्कर, तुझ्या धर्माचा मी आदर करतो. पण तो माझ्या लॅबच्या बाहेर ठेव. हे सेमिस्टर संपेपर्यंत तू मशीनला हात लावायचा नाहीस."

इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच तुला बरोबर नावाने हाक मारली.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्याच्या टेबलाखालच्या गालिच्याकडे पाहत होतो, तपकिरी होता, कोपरा उसवलेला होता. माझ्या डोक्यात एकच, क्वालिफायर, क्वालिफायर.  बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सांगतो मी त्याला. परीक्षा होऊ दे, लगेच सांगतो." तू जिना उतरून गेलास.

ते सेमिस्टर आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. तू नळ्या भरून दारापर्यंत आणायचास आणि मी त्या तुझ्या हातून घेऊन आत मशीनमध्ये ठेवायचो. पेन चालायचं आणि तू दारातून मान लांब करून बघायचास. एकदा म्हणालास, "सुध्या, जरा डावीकडे सरक, दिसत नाही मला." मी सरकलो. त्या दिवशी डबा खाताना तू तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. तोवर मला एवढंच माहीत होतं की ते शाळेत शिपाई होते. ते प्रयोगशाळेतले शिपाई होते, वर्षभर परीक्षानळ्या धुवायचे, तराजू पुसायचे. तू लहानपणी त्यांच्यामागे फिरत बाटल्यांवरची नावं वाचून क्षारांची नावं पाठ केलीस. खंडेनवमीला सायन्सचे मास्तर त्याच तराजूंची पूजा करायचे आणि तुझ्या वडिलांना सांगायचे, आज तू जरा बाहेरच थांब. पूजा आटोपली की आत बोलवायचे, सांडलेलं हळदकुंकू झाडायला. तू म्हणालास, "त्या दारात बापाचा हात धरून उभा राहिलोय मी. केवढा लांब आलो रे! आणि बघ, पुन्हा दारातच."

 मी म्हटलं, "भास्कर, आत्ता जातो आणि सांगतो." खरंच उठलो होतो मी. तू म्हणालास, "जा." मी जिन्यापर्यंत गेलो. मग परत आलो आणि म्हटलं, तो जेवायला गेलाय. गेला नव्हता. तुला ते कळलं, हे मला दिसलं.

"मग तूच का नाही सांगत?" एकदा वैतागून मीच तुला विचारलं होतं, माझी हिंमत बघ. तू म्हणालास, "तुला वाचवतोय असं समजू नकोस. मी म्हटलं की हे माझं नाही, तर तो विचारणार, का नाही, तुम्ही दोघं एकाच देशाचे ना? मग मला त्याला जात समजावून सांगावी लागेल. आमच्या घरात देव्हारा नाही, का नाही, ते सांगावं लागेल. तासभर जाईल. आणि सगळं ऐकून तो म्हणेल, व्हेरी इंटरेस्टिंग. मला इंटरेस्टिंग व्हायचं नाही, सुध्या. मला ती टेकडी कशी शोधली ते त्याने विचारायला हवंय."

त्याने ते कधीच विचारलं नाही. मी क्वालिफायर पास झालो, तुला मशीन परत मिळालं, म्हाताऱ्याचा राग गेला. रागाच्या जागी आलं ते जास्त वाईट होतं. त्याला तू आवडायला लागलास. पाहुणे शास्त्रज्ञ आले की तो तुझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचा, "हा आमचा पुजारी. याने आमच्या मशीनला आशीर्वाद दिला आणि तीन आठवडे आम्हाला वेड लावलं." लोक प्रेमाने हसायचे. तुझं काम काय, हे त्यांच्या कानावर नंतर पडायचं, पुजारी आधी. कॉन्फरन्सला एका बाईंनी तुला विचारलं की तुझे पूर्वज देवळात असायचे का. तू म्हणालास, "नाही मॅडम, बाहेर." त्यांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी कॉफी आणायला गेलो.

लोरेनला तू सांगितलं होतंस. मला माहीत नव्हतं. ती एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाली, "तू छान माणूस आहेस, सुधीर. आणि तू त्याच्या डोक्यावर स्वतःचं ओझं ठेवून हिंडतोयस." मजला आला, ती उतरली. मी लिफ्टमध्येच उभा राहिलो आणि परत खाली गेलो.

चार वर्षं, भास्कर. दर वर्षी काहीतरी कारण. कमिटीची मीटिंग होऊ दे. पेपर निघू दे. आता म्हातारा आजारी आहे. तू विचारायचं सोडून दिलंस आणि मला वाटलं, विसरलास. आपण पत्ते खेळत होतो, सुनंदा वहिनी आल्यावर मी दर रविवारी तुमच्याकडे जेवत होतो, भांडत होतो, हसत होतो. माणसाला आपला गुन्हा विसरायला किती कमी वेळ लागतो!

मग तो गुरुवार. तू थीसिस टाइप करत होतास. म्हणालास, "सुध्या, परिशिष्ट टाकतोय. ती सहा पानं."

"कुठली?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठली.

"हळदीची. माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते. शेवटी एक ओळ लागेल, हळद कुठून आली त्याची. तू त्याला आधी सांगतोस, की सरळ लिहू?"

"कशाला जुनं उकरून काढतोस यार? सगळे विसरलेत."

"मागच्या महिन्यात त्याने मला पुजारी म्हणून इंट्रोड्यूस केलं. तू तिथेच होतास."

"माझी सांता क्लाराची नोकरी त्याच्या पत्रावर आहे. जूनपर्यंत थांब ना."

तू टाइपरायटरवरचे हात काढून घेतलेस. "भटा," म्हणालास, "तुझा जून कधी येतच नाही."

गमतीत तू मला हजारदा भट म्हणाला असशील. त्या दिवशी गंमत नव्हती. मलाही राग आला. मी म्हटलं, "घाल तुला काय घालायचं ते," आणि दार आपटून गेलो. शुक्रवारी आपण बोललो नाही. दर शनिवारी आपण पन्नास मैलांवरच्या इंडियन स्टोअरला दोघं जायचो, तू ड्राइव्ह करायचास, मी नकाशा धरायचो आणि चुकवायचो. त्या शनिवारी सकाळी मी खिडकीतून तुझी गाडी जाताना पाहिली. रस्त्यावर बर्फ गोठलेला दिसत होता. म्हटलं, जाऊ दे एकट्याला, संध्याकाळी फोन करेन. दुपारी लोरेनचाच फोन आला. गाडी पुलावर घसरली. मागच्या सीटवर कणकेची पोती होती, दोन. एक माझं.

बुधवारी डिपार्टमेंटने सभा ठेवली, तुला आणि वहिनींना घेऊन विमान शुक्रवारी निघणार होतं म्हणून. वहिनींनी पांढरी साडी नेसली होती. त्यांनी तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि एकटीने त्रिशरण, पंचशील म्हटलं. एक शब्द चुकला नाही. मेणबत्त्या, अगरबत्त्या कुठे मिळतील म्हणून ऑफिसच्या बाईंनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं. मी इंडियन स्टोअरचा पत्ता दिला. आणखी काही विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, मी तुझ्या कागदपत्रांच्या मागे धावत होतो.

मग म्हातारा उठला. त्याचे डोळे खरंच सुजलेले होते. म्हणाला, भास्करसारखे हात मी तीस वर्षांत पाहिले नाहीत. म्हणाला, तो श्रद्धाळू होता. आपल्या मशीनवर त्याचं इतकं प्रेम होतं की त्याने त्याची पूजा केली होती, आणि मी मूर्खासारखा त्याच्यावर रागावलो. लोक रडत रडत हसले.

मी उभा राहिलो. हो, राहिलो भास्कर, तुझ्या शपथेवर सांगतो. मी म्हटलं, "ती पूजा मी केली होती. भास्करने नाही. त्याचा त्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्याने फक्त ते शोधून काढलं." तुझी वही मी पिशवीत घेऊन गेलो होतो, ती सहा पानं काढली.  म्हातारा माझ्याजवळ आला आणि त्याने मला मिठी मारली. कानाशी म्हणाला, "तू फार चांगला मित्र आहेस." त्याला वाटलं, मी दुःखाने तुझी चूक अंगावर घेतोय! मी म्हटलं, नाही सर, खरंच मी. त्याने माझ्या हातातली वही हळूच बंद केली. म्हणाला, "आज असू दे. आणि तुमच्यापैकी कोणी केली, त्याने आता काय फरक पडतो?" मी लोरेनकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

सभा संपल्यावर म्हाताऱ्याने वहिनींना दंडाला धरून लॅबमध्ये नेलं, तुझी जागा दाखवायला. सगळे मागून. दार उघडलं. ऑफिसच्या बाईंनी जीव ओतून केलं होतं रे सगळं. मशीनवर शेवंतीची माळ. आणि समोरच्या पांढऱ्या पत्र्यावर, झाकणावर, नळी ठेवायच्या खाचेपर्यंत, कुंकू. बोटं बुडवून, भरपूर.

वहिनी थबकल्या. तू त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतंस, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी वळून मला शोधलं. "भाऊजी, हे कुंकू कुणी लावलं यांच्या मशीनला?"

मी म्हटलं, "मी."

त्या मग म्हणाल्या, "तुम्हाला तर माहीत होतं ना यांचं सगळं."

त्यांनी माळ काढून टेबलावर ठेवली. पांढऱ्या साडीचा पदर हातात घेतला आणि मशीन पुसायला लागल्या. झाकण, पत्रा, ती खाच, बोटाला पदर गुंडाळून, तू पुसायचास तसं. पदर लाल होत गेला. मागे उभ्या म्हाताऱ्याला वाटलं, हाही इंडियातला विधीच असणार. त्याने मान खाली घालून हात जोडले. त्याचं पाहून एकेकाने जोडले, अख्ख्या लॅबने. मी त्यांना काय सांगू, कुठून सुरुवात करू? मीही जोडले.